वरचा आकडा

माझ्याकडे एक पट्टा आहे, एक रबरी फुगा, एक तबकडी
आणि बत्तीस घरं.
महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी ती चालून काढते.
पगार नाही. दवाखान्यानं दिलेली निळी पिशवी आहे,
तिचा बंद दोनदा शिवलाय.

आमच्या नारीनच्या खोऱ्यात उंबरठ्यावरच विचारतात,
चहा घेणार ना?
नाही म्हणायची सोय नाही.
चहा म्हणजे दूध, लोणी आणि मीठ.
बत्तीस घरांचा चहा पिऊन मी लोकांना सांगते,
मीठ कमी करा.
(हसा खुशाल. मीही हसते, परतीच्या वाटेवर.)

तोक्तोसुन अतांचं घर सगळ्यात शेवटी, नदीच्या वर.
बाही सारा म्हटलं तर म्हणाले,
आधी घोडीचं बघ, ती माझ्याहून जास्त धापा टाकते.
पट्टा आवळला. हवा भरली. हळूहळू सोडली.
कानात ठोके पडायला लागले, फारच वरून.
एकशे ब्याऐंशी.
पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजलं
(गप्प बसणं त्यांना पट्ट्यापेक्षा जड गेलं).
एकशे ऐंशी.

मग मी माझं पाठ केलेलं बोलले:
दिवसाला एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं,
चहातलं, रश्श्यातलं, वाळवलेल्या मांसातलं,
आणि खिशात शेंगदाण्यांसारखे ठेवता ना,
त्या कुरुतच्या पांढऱ्या गोळ्यांतलंसुद्धा.
डोकं दुखत नाही म्हणून औषध सोडू नका.
दाब दुखत नसतो, अता.
तो दार न वाजवता आत येतो.

त्यांनी फळीवरून मिठाचा एक खडा काढला,
मुठीएवढा, करडा-गुलाबी,
एका बाजूनं चाटून चाटून खोलगट झालेला.
"मेंढ्या पार त्या कड्यापलीकडे चरतात.
मी हा दगडावर ठेवतो. संध्याकाळी येतात.
हाक मारावी लागत नाही.
माझी दोन पोरं मॉस्कोत. एक टॅक्सी चालवतो, एक फरशा बसवतो.
खाल्ल्या मिठाला जागतात, वर्षातून एकदा येतात.
आता तूच सांग उलकान,
अळणी चहासाठी कोण परत येतं?"

पत्रकात याचं उत्तर नव्हतं.
पत्रकात एक हसणारी ढोबळी मिरची होती,
जी आमच्या बाजारात उन्हाळा सोडून दिसत नाही.
मी म्हटलं, मिठाची वाटी वेगळी ठेवा,
ज्याला हवं तो घेईल.
"पाहुण्याला मीठ मागायला लावू?
त्यापेक्षा दार लावून घेतो."

मी चहा संपवला. खारट होता. चांगला होता.

पुढच्या खेपेला बर्फ गुडघ्यापर्यंत.
दस्तरखानावर पाव, जर्दाळूचा मुरंबा,
आणि एका बाजूला, कुणी विसरून गेल्यासारखी, छोटी वाटी.
त्यांनी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही.
घोट घेतला. दूध, लोणी,
आणि त्यांच्या मागे उभी असलेली चहाची पानं.
इतक्या वर्षांत ती आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

"गवत लागतं," अता म्हणाले. "आजाऱ्याचं गवत.
धाकटा फोनवर म्हणाला, होईल सवय.
तो म्हणे तिकडे साखर घालून पितो."
आणि असं तोंड केलं
जणू पोरानं धर्म बदललाय.

एकशे अडुसष्ट.
मी वहीत लिहिलं. म्हटलं, अजून जास्तच आहे.
गोळी? रोज.
चालणं? मेंढ्यांना विचार.
कुरुत?
खिशावरचा हात त्यांनी काढला नाही.

बाहेर घोडी कुंपणाशी उभी होती, नाकातून वाफ सोडत.
मी हातमोजा काढला,
ओल्या तळव्यानं तिची मान थोपटली.
ती वळली आणि माझा हात चाटायला लागली,
बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत,
खरखरीत, सावकाश,
आणि मी थंडीत तशीच उभी राहिले,
हात काढून घ्यावा असं काही मला वाटेना.